प्रकरण सतरावे : नऊ नंबरचा शर्ट

गारसाइडांच्या घरी जेवणाच्या टेबलाशी प्रत्येकाची खुर्ची ठरलेली होती. वडील हॉरेस खिडकीकडे पाठ करून बसत, आई मेव्हिस स्वयंपाकघराच्या दाराशी, थोरला मुलगा क्लाइव्ह रेडिएटरजवळ. मुलगी हेझल कोपऱ्यात, कारण ती डावखुरी होती आणि लहानपणी तिचा कोपर कोणाला ना कोणाला लागायचा. धाकट्या रसेलची बायको म्हणून लोर्ना आली तेव्हा तिच्यासाठीही एक खुर्ची आणली गेली. रसेलला मात्र पियानोचं स्टूल. पियानो विकून कितीतरी वर्षं झाली होती. स्टूल राहिलं होतं, आणि जिथे फट दिसेल तिथे रसेल ते सरकवून बसत असे.

त्या रविवारी जेवण लवकर मांडलं होतं, कारण दुपारी रसेलचा गौरव सामना होता. एका क्लबात दहा वर्षं काढणाऱ्या खेळाडूला क्लब असा एक सामना देतो. मोठ्या क्लबचा एखादा संघ पाहुणा म्हणून येतो, तिकिटांचे पैसे खेळाडूला मिळतात आणि सगळे त्याच्याशी दिवसभर चांगले वागतात. रॅमशॉसारख्या चौथ्या विभागातल्या क्लबात दहा वर्षं सहसा कोणी टिकत नाही. चांगले असतात ते वर जातात, वाईट असतात ते विमा विकायला लागतात. रसेल दोन्हींपैकी काहीच झाला नव्हता.

"मुद्दा एवढाच आहे," हॉरेस मांस कापता कापता म्हणाले, "की लाऊडस्पीकरवर काय सांगणार? गारसाइड, कोण?"

"गारसाइड, मधल्या फळीतला," क्लाइव्ह म्हणाला. गौरव समितीचा अध्यक्ष तोच होता. आगीत जळालेलं आपलं गालिच्यांचं दुकान पुन्हा उभं केल्यापासून तो कशाचाही अध्यक्ष व्हायला तयार असे.

"यंदा तो उजव्या बगलेला जास्त खेळला," लोर्ना म्हणाली.

"ते स्लेटर जायबंदी होता म्हणून."

"आणि त्याआधी सेंटर हाफ."

"ते दुसरा कोणीतरी जायबंदी होता म्हणून."

"म्हणजे जायबंदी लोकांच्या जागी, असं सांगा," हॉरेस म्हणाले आणि सगळ्यात पातळ काप रसेलच्या ताटात ठेवला.

रसेल हसला. हेझलने ते हसणं टिपलं. ती मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे, आणि न बोलता बघत राहण्याची तिला सवय होती. दोनपासून अकरापर्यंत प्रत्येक नंबरचा शर्ट तिच्या भावाने घातला होता. कोणाचा गुडघा गेला, कोणाला मूल झालं, एकाला पोलिसांनी दोन दिवस ठेवून घेतलं, की त्या जागी रसेल. गावच्या पेपरात त्याच्याबद्दल 'उपयुक्त' हा शब्द इतक्यांदा छापून आला होता की ते त्याचं मधलं नाव वाटावं. नवा मॅनेजर आला की विचारायचा, तू नक्की खेळतोस कुठे? आणि रसेल म्हणायचा, जिथे माणूस कमी असेल तिथे. चालेल मला.

हॉरेस मात्र आयुष्यभर लेफ्ट बॅक होते. चौदा हंगाम त्यांनी मैदानाच्या डाव्या कडेची तीच पट्टी राखली, कधी एक गोल केला नाही, आणि क्लबाच्या बारमध्ये त्यांचा फोटो होता. माणसाला एक जागा असावी हा त्यांचा सिद्धांत होता. ती कोणती असावी याबद्दल त्यांचं फारसं म्हणणं नव्हतं.

"आज तो सेंटर फॉरवर्ड आहे," मेव्हिस म्हणाली. "त्याचा दिवस आहे, त्याने नऊ नंबर मागितलाय. तसंच सांगा."

सात वर्षांच्या रसेलच्या बनियनवर मेव्हिसने पडद्याच्या उरलेल्या कापडाचा नऊ शिवून दिला होता, आणि तो त्याने पार विरेपर्यंत घातला होता, हे टेबलाशी सगळ्यांना माहीत होतं. मोठेपणी नऊ त्याच्या वाट्याला एकदाच आला. वीस मिनिटांत बचावातल्या एकाला रेफरीने बाहेर काढलं आणि रसेलला मागे बोलावलं गेलं. शर्ट तोच राहिला, जागा गेली. मागण्यासारखी एवढी एकच गोष्ट त्याने दहा वर्षांत मागितली होती.

"नऊ तर नऊ," क्लाइव्ह म्हणाला. "शेवटी शेवटी पेनल्टी मिळेल, ती रसेल मारेल. रेफरीशी बोललोय मी."

"भीक," हॉरेस म्हणाले.

"बाबा, सगळ्याच गौरव सामन्यांत देतात. गोलकीपर उलट बाजूला उडी मारतो, लोक टाळ्या वाजवतात, घरी जातात. कोणाचं काही जात नाही."

"माझ्यासाठी कोणी उडी चुकवली असती ना, तर मी बॉल तिथेच ठेवून चालता झालो असतो."

"तुमच्यासाठी कोणी चुकवण्याचा प्रश्नच कुठे आला, बाबा? तुम्ही हाफलाइन ओलांडलीत कधी?"

लोर्ना खुदकन हसली. क्लाइव्हच्या विनोदाला ती हसली याचं हेझलला नवल वाटलं, कारण नाताळापासून दोघांमध्ये धुसफूस चालू होती. कारण साधं होतं. रसेलचा हा शेवटचा हंगाम, आणि त्याचं पुढे काय करायचं याबद्दल दोघांच्या कल्पना वेगळ्या होत्या. क्लाइव्हचा गाडीवाला सोडून गेला होता आणि त्याला गालिचे पोचवायला माणूस हवा होता. लोर्नाच्या मावशीचं साउथपोर्टला गेस्टहाऊस होतं आणि तिथे नाश्ता बनवणारा, नळ दुरुस्त करणारा, बॅगा उचलणारा माणूस हवा होता. हॉरेसना तो आणखी दोन वर्षं खालच्या लीगमध्ये लेफ्ट बॅक म्हणून खेळायला हवा होता. तिघांनाही रसेल म्हणाला होता, "बघू. चालेल मला."

हेझलने ठरवलं होतं की आपण काही मागायचं नाही. फक्त गुरुवारी आईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला कोणीतरी हवं होतं, आणि ते रसेलला जमेल का, एवढंच ती आज त्याला विचारणार होती.

*

मैदान बऱ्यापैकी भरलं होतं. खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी टेबल मांडून हेझल चहाचे मग विकत होती. मगवर रसेलचा फोटो होता आणि खाली 'रसेल गारसाइड, खेळाडू' एवढंच छापलं होतं. त्यावर समितीची चार वेळा बैठक झाली होती.

पावणेतीनला क्लबाचे सेक्रेटरी टॅटरसॉल तिच्या टेबलापाशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर बिल वाढल्यासारखा भाव होता.

"क्लाइव्ह कुठाय?"

"इथेच आहे. काय झालं?" क्लाइव्ह काहीतरी चघळत पुढे आला. मांस भरलेली पेस्ट्री, पेपराच्या तुकड्यात गुंडाळलेली.

"पाहुण्यांचा गोलकीपर नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"बस हायवेवर चहाला थांबली होती. हा पोरगा फोन करायला गेला. बस निघाली. मोजणं म्हणून काही असतं की नाही? पोरीशी बोलत असणार. मोठा क्लब म्हणे."

"आपला दुसरा गोलकीपर द्या त्यांना."

"तो बहिणीच्या लग्नाला गेलाय. मीच सोडला त्याला. गौरव सामना आहे, म्हटलं, दुसरा कशाला लागतोय."

रसेल बोगद्यात उभा होता. अंगात नऊ नंबरचा शर्ट, नवा, घड्या न मोडलेला. हेझलला त्याची पाठ दिसत होती, आणि तिला पुढचं वाक्य त्याने उच्चारायच्या आधीच ऐकू आलं.

"मी उभा राहतो त्यांच्याकडून. चालेल मला."

"तू?" क्लाइव्ह म्हणाला. "अरे, सामना तुझा आहे."

"म्हणूनच. लोक पैसे देऊन आलेत."

"पण तू त्यांच्याकडून खेळलास तर आपल्या विरुद्ध खेळशील."

"हो. तसं होईल."

"गोलमध्ये उभा राहिलायस कधी?"

"नाही. तेवढीच राहिली होती."

टॅटरसॉलनी सुटकेचा निःश्वास टाकला. रसेलने शर्ट डोक्यावरून काढला, नीट घडी केली आणि भावाच्या हातात दिला. कोणाला काही देताना तो नेहमी घडी करून देत असे.

क्लाइव्हने शर्टाकडे पाहिलं. "मग हा?"

"कोणीतरी घाला."

"तसे माझे बूट आहेत गाडीत," क्लाइव्ह म्हणाला. "योगायोगाने."

मग लोर्ना खाली आली. नवऱ्याच्या अंगात पाहुण्यांचा हिरवा गोलकीपरचा शर्ट आणि दिराच्या अंगात, पोटावर ताणलेला, नऊ नंबर बघून तिने हेझलकडे पाहिलं. "हे कोणी ठरवलं?"

"कोणीच नाही," हेझल म्हणाली. "झालं."

"या घरात असंच होतं सगळं," लोर्ना म्हणाली आणि एक मग उचलून त्यावरचा शब्द पुन्हा वाचला.

*

पूर्वार्धात जे घडलं ते कोणाच्याच हिशेबात नव्हतं. सुरुवातीला हेझल मग विकत होती, नंतर तिने विकणं थांबवलं आणि ती वर आईबाबांशेजारी जाऊन बसली.

रसेल ओरडत होता. भाऊ मैदानावर ओरडताना तिने कधी ऐकलं नव्हतं. तो एकेकाला नाव घेऊन सरकवत होता, आणि मोठ्या क्लबची ती विशीतली पोरं, ज्यांना त्याचं नाव सकाळपर्यंत माहीत नव्हतं, मुकाट सरकत होती. समोरच्या प्रत्येक जागेवर तो स्वतः खेळून चुकला होता. बगलेवरचा माणूस मान खाली घालून धावला की त्याला कुठे बॉल टाकावासा वाटतो, दमलेला सेंटर हाफ कुठल्या पायावर चुकतो, हे त्याला आधीच दिसत होतं. तो पुढे येऊन कोन लहान करायचा, आणि मारणाऱ्याला अचानक जाळीच दिसेनाशी व्हायची. शाळेत हेझल हे फळ्यावर दोन रेघा ओढून समजावत असे. दहा वर्षं हा मनुष्य चुकीच्या टोकाकडून मैदान बघत होता, असं तिच्या मनात आलं.

क्लाइव्ह धावत होता. निदान तसा त्याचा समज होता.

"बरा करतोय की," मेव्हिस वरच्या खुर्चीतून म्हणाली.

"कोण?" हॉरेसनी विचारलं.

"क्लाइव्ह नव्हे."

थर्मासचं झाकण हॉरेसच्या हातात तसंच होतं आणि त्यातला चहा गार झाला होता.

मध्यंतराला टॅक्सी आली. तिच्यातून पाहुण्यांचा गोलकीपर उतरला. डॅरन नावाचा एक उंच, ओशाळलेला मुलगा, हातात हातमोज्यांची पिशवी. ड्रेसिंग रूमबाहेरच्या अरुंद बोळात सगळे जमले. बोळाला मालिशच्या मलमाचा आणि ओल्या गवताचा वास होता.

"सुटलो," क्लाइव्ह म्हणाला. त्याचा चेहरा बीटासारखा लाल झाला होता. "हा घे तुझा शर्ट. थोडा घामाचा आहे."

"जा, बदल कपडे," लोर्ना म्हणाली. "अजून अर्धा खेळ आहे. पेनल्टीही आहे."

रसेलने शर्टाकडे पाहिलं. मग डॅरनकडे. मग स्वतःच्या हातांकडे, ज्यांत कोणाचे तरी जुने, फाटके गोलकीपरचे हातमोजे होते.

"नाही," तो म्हणाला.

घरात हा शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागला.

"नाही म्हणजे?" क्लाइव्ह म्हणाला.

"मी तिथेच उभा राहतो. डॅरन, तुझी हरकत नाही ना?"

"छे, मी... चहा घेईन," डॅरन म्हणाला.

"रसेल, वेड लागलंय का तुला?" लोर्ना म्हणाली. "जन्मभर नऊ नऊ करत होतास."

"अगदी बरोबर बोलतेय ती," क्लाइव्ह म्हणाला. नाताळानंतर प्रथमच तो आणि लोर्ना एका बाजूला उभे होते, आणि ते लक्षात येऊन दोघेही किंचित सरकले. "लोक काय म्हणतील? स्वतःच्या गौरव सामन्यात स्वतःलाच गोल करू देत नाही. मी रेफरीला काय सांगू?"

"काहीतरी सांग."

"आई, तू तरी सांग त्याला."

मेव्हिसने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "नऊ शिवला होता मी," ती म्हणाली. तिचा आवाज जरा दुखावलेला होता.

"माहीत आहे, आई."

तेवढ्यात मागून हॉरेस म्हणाले, "राहू दे त्याला."

सगळे वळले.

"माणूस एकदा जागेवर उभा राहिला की उठवायचं नसतं," हॉरेस म्हणाले. "क्लाइव्ह, तुला धावायला जमत नसेल तर सांग. शर्ट दुसऱ्याला दे."

"जमतंय," क्लाइव्ह म्हणाला.

*

पेनल्टी ठरल्या वेळी मिळाली. कोणी कोणाला स्पर्शही केला नव्हता, पण रेफरी प्रामाणिक माणूस होता आणि शब्दाला जागला.

मग सगळेच थांबले. पेनल्टी ज्याने मारायची तो समोर गोलमध्ये उभा होता. क्लाइव्हने बॉल उचलला, जागेवर ठेवला, दोन पावलं मागे गेला आणि पोटरी धरून खाली बसला.

उत्तरेकडच्या स्टँडमधून, जिथे म्हातारी मंडळी उभी राहतात, कोणीतरी हाक मारली. "हॉरेस." मग दुसऱ्याने. मग ते गाण्यासारखं सुरू झालं.

हॉरेस समोर बघत राहिले. "मूर्ख आहेत," ते म्हणाले.

"जाता का, बाबा?" हेझलने विचारलं.

"सत्तरी उलटली माझी. हे बूट चालायचे आहेत."

"मग नका जाऊ."

हॉरेसनी थर्मासचं झाकण मेव्हिसच्या हातात दिलं, टोपी सारखी केली आणि जिना उतरले. कोटाची बटणं लावलेलीच होती. मैदानात शिरल्यावर ते सवयीने डाव्या कडेने चालत गेले आणि मग, बरंच पुढे गेल्यावर, आत वळले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुष्कळांचे डोळे आधीच भरून आले होते, कारण पुढे काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं. मुलगा उलट बाजूला उडी मारणार, म्हाताऱ्याचा आयुष्यातला पहिला गोल होणार.

फक्त हेझलच्या कानात जेवताना बाबा म्हणाले ते वाक्य होतं. अडवला तर सगळ्या गावासमोर बापाचा एकुलता एक गोल हिरावल्यासारखं. सोडला तर भीक. तिने दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. रसेलकडे तेवढा वेळही नव्हता.

हॉरेसनी बॉल पुन्हा नीट ठेवला, लेबल आपल्या बाजूला येईल असा. तीन पावलं मागे गेले. धावले म्हणता येणार नाही, पण आले. आणि डाव्या पायाने, कोटाचा घोळ उडवत, त्यांनी असा फटका मारला की स्टँडमधला आवाज एकदम थांबला. बॉल जमिनीलगत, उजव्या खांबाच्या आतल्या बाजूला चालला होता. नेमका.

रसेल त्याच बाजूला झेपावला. पूर्ण लांब, हात सरळ. बॉल त्याच्या बोटांना लागला, खांबावर आपटला आणि बाहेर गेला.

मग कोणीतरी शीळ घातली, आणि बघता बघता सगळं रॅमशॉ रसेल गारसाइडची, त्याच्याच गौरवाच्या दिवशी, हुर्यो उडवू लागलं.

"अरे देवा," लोर्ना हळू म्हणाली.

हॉरेस गोलकडे चालत गेले. रसेल अजून गवतावर होता. म्हाताऱ्याने हात पुढे केला, त्याला उठवलं, आणि ते काहीतरी म्हणाले. वर काही ऐकू आलं नाही. हेझलला फक्त रसेलने मान हलवलेली दिसली. मग हॉरेस वळले आणि डाव्या कडेने परत आले.

"काय म्हणालात त्याला?" मेव्हिसने विचारलं.

"गोलकीपर," हॉरेस खुर्चीत बसत म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "म्हटलं, गाढवा, तू गोलकीपर आहेस. एवढी वर्षं कुठे कडमडत होतास?"

*

संध्याकाळी चहाला सगळे घरी जमले. डबाबंद साल्मनची सँडविचेस होती, हॅम होतं, आणि उरलेले मग टेबलावर रांगेत होते, कारण सामन्यानंतर एकही खपला नव्हता.

"कमीत कमी सोडायचा तरी," क्लाइव्ह बर्फाची पिशवी पोटरीला लावून म्हणत होता. "लोक मला रस्त्यात विचारतील. गिऱ्हाइकं आहेत ती."

"का अडवलास रे?" मेव्हिसने विचारलं. "बाबांचा होता."

"चांगला मारला होता," रसेल म्हणाला.

एवढंच. क्लाइव्हने लोर्नाकडे पाहिलं. तिने खांदे उडवले, आणि मग नवऱ्याकडे वळून सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग मावशीला काय कळवू? साउथपोर्टचं?"

"सांगतो विचार करून."

"आणि गाडीचं?" क्लाइव्ह म्हणाला.

"तुलाही."

चालेल मला, हे शब्द आले नाहीत. थोडा वेळ सगळे त्यांची वाट बघत राहिले. गुरुवारच्या दवाखान्याचं हेझलच्या ओठांवर आलं होतं. तिने सँडविच तोंडात घातलं.

मग तिच्या लक्षात आलं की रसेल खिडकीकडे पाठ करून बसलाय. मुद्दाम नसेल. दमून आला, पहिली खुर्ची दिसली, बसला. गोलकीपरचे ते फाटके हातमोजे अजून त्याच्या मांडीवर होते. ते कोणी परत मागितले नव्हते, आणि रसेलने दिले नव्हते.

हॉरेस बारमधून परतले. दारातच त्यांचं बोलणं सुरू होतं. "टॅटरसॉलला म्हटलं, दुसरा कोणीही असता तर आत होता. खांबाला लागून आत. दुसरा कोणीही असता तर." ते टेबलापाशी आले आणि थांबले.

मेव्हिसने किटली खाली ठेवली. उठ, असं कोणी रसेलला म्हणालं नाही. रसेलही उठला नाही. त्याने वर पाहिलं, आणि बापाने त्याच्याकडे पाहिलं, दुपारी बॉल ठेवताना पाहिलं होतं तसं.

हॉरेसनी भिंतीकडचं पियानोचं स्टूल पायाने ओढलं, क्लाइव्ह आणि लोर्नाच्या मध्ये फट होती तिथे सरकवलं आणि कोटासकट त्यावर बसले. टेबल त्यांच्या छातीपर्यंत आलं. ते एकीकडे कलले, मग दुसरीकडे.

"हे डुगडुगतं," ते म्हणाले.

"हो," रसेल म्हणाला आणि हॅमची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "पहिल्यापासूनच."